तेवीस क्रमांकाचं पाऊल

निर्झरा पंप्सच्या तिसऱ्या शेडमधली फरशी दिसायला साधीच होती. राखाडी, गुळगुळीत, कडेनं पिवळे पट्टे मारलेली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत अशा फरश्या कुठल्याही कारखान्यात सापडल्या असत्या. फरक एवढाच, की या फरशीच्या रंगाखाली पोस्टकार्डाच्या जाडीचा एक पापुद्रा अंथरलेला होता. त्यावर कुणाचं पाऊल पडलं की दाबामुळे अगदी सूक्ष्म वीज तयार व्हायची. टाच कधी टेकली, चवडा कधी उचलला, भार डावीकडे किती आणि उजवीकडे किती, हे सगळं त्या विजेच्या चढउतारांवरून कळायचं. दोन माणसांचं अक्षर एकसारखं नसतं, तशी चालही नसते. त्यामुळे बसवल्यापासून आठवड्याभरात फरशी शेडमधल्या बेचाळीस कामगारांना आणि तिथे रोज येणाऱ्याजाणाऱ्या चार अधिकाऱ्यांना पावलांवरून ओळखू लागली होती.

ओळखू लागली, म्हणजे नंबरानं. नावानं नव्हे. आणि हा फरक शर्मिष्ठा आवटीनं भांडून मिळवलेला होता.

शर्मिष्ठा तिथे मनुष्यबळ नियोजनाची प्रमुख होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं लीन पद्धत आणायचं ठरवलं, तेव्हा फरशीचा विषय निघाला. लीनचं म्हणणं तसं सोपं आहे. ज्यानं सुट्या भागांचा पंप होतो तेवढंच काम. बाकीचं शोधणं, थांबणं, वाकणं, उगाच चालणं हे सगळं वाया, आणि ते किती, हे फरशी मोजणार होती. वाया जाणारं काढून टाकलं की तीच माणसं तेवढ्याच वेळात जास्त पंप बांधतात, आणि दमतातही कमी. कागदावर कुणालाही पटेल असं. पण शेजारच्या दोन कारखान्यांत वाया जाणारं काढता काढता माणसंच काढली होती, आणि हे तिसऱ्या शेडमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं. नवी फरशी तयार झाली त्या सकाळी एकही जण तिच्यावर पाय ठेवायला तयार होईना. सगळे पिवळ्या पट्ट्याबाहेर हाताची घडी घालून उभे.

शर्मिष्ठानं तेव्हा एक पानाचा करार लिहिला. फरशीला नंबर कळेल, नाव कळणार नाही. नंबराला नाव जोडायचं झालंच तर संगणकाला दोन किल्ल्या लागतील, एक शर्मिष्ठाची आणि एक कामगारांच्या प्रतिनिधीची. आणि सुधारणेमुळे ज्याचे हात मोकळे होतील त्याला दुसरं काम मिळेल, घरचा रस्ता नाही. कागद वाचून दाखवल्यावरही कुणी हललं नव्हतं. मग बाबगोंडा मगदूम पुढे झाले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कारखान्यातले सगळ्यात जुने जोडारी, म्हणजे पंप जुळवणारे कारागीर. शर्मिष्ठा शिकाऊ म्हणून आली तेव्हा पंप कसा बांधतात हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, आणि तिचं पद कितीही वाढलं तरी ते चारचौघांत ‘मॅडम’ आणि एरवी ‘पोरी’ म्हणायचे.

“माझ्या हाताखाली शिकलीया ती,” अण्णा सगळ्यांना म्हणाले होते. “तिच्या शब्दावर चाला.” आणि पहिलं पाऊल त्यांनी टाकलं होतं.

त्यानंतरची दोन वर्षं चांगली गेली. लोक दर दोन तासांनी आपापली जागा बदलत, त्यामुळे एकाच जागी उभं राहून कुणाची पाठ धरत नसे. भिंतीवर सूचनांचा फळा आला. कुणालाही काही सुचलं की चिठ्ठी लावायची. बोअरमध्ये सोडायचा एक पंप पूर्वी ऐंशी सेकंदांनी लाइनच्या टोकाला उतरायचा, तो आता चोपन्न सेकंदांनी उतरू लागला. शेडमध्ये याला सगळे ठेका म्हणत. कामावरून एकही माणूस कमी झाला नव्हता.

गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी निनाद कोपर्डे शर्मिष्ठाच्या केबिनमध्ये आला. निनाद उत्पादन अभियंता होता. हुशार, घाईचा, आणि मनानं वाईट नव्हे.

“दोन गोष्टी आहेत,” तो बसता बसता म्हणाला. “मोठी ऑर्डर आली. दिवाळीनंतर ठेका अठ्ठेचाळीसवर आणायचाय.”

“आणि दुसरी?”

त्यानं टॅब्लेट तिच्यापुढे सरकवला. फरशीच्या प्रणालीची नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात आली होती. जुनी आवृत्ती फक्त पावलं ओळखून मोजायची. ही दोन वर्षांच्या साठलेल्या नोंदींतून चालीतला बदलही बघत होती. कुणाचा गुडघा धरतोय, कुणाची कंबर भरतेय, हे आधीच कळावं म्हणून. पडद्यावर एकच आलेख होता आणि वर आकडा, तेवीस.

“ह्या तेवीस नंबरच्या माणसाची पावलं चौदा महिन्यांत बोटभर आखूड झालीत. उजवं पाऊल डाव्यापेक्षा हलकं पडतं. आणि हे बघा, मागे वळायला पूर्वी तीन पावलं लागायची, आता सहा. खाली काय लिहिलंय वाचा.”

खाली लिहिलं होतं, की हा बदल थकव्याचा किंवा सांध्याच्या दुखण्याचा वाटत नाही. मेंदूविकाराच्या तज्ज्ञाला दाखवावं.

शर्मिष्ठानं त्या दुपारी यावर बरंच वाचलं. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात, त्या एक रसायन तयार करतात आणि त्या रसायनावर आपल्या हालचालींचा ओघ चालतो. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरायला लागला की लोकांच्या लक्षात येतं, पण तोवर निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. त्याआधी कितीतरी दिवस चाल बदललेली असते. एका बाजूचा हात चालताना हलेनासा होतो, पाऊल आखडतं, वळणं जड जातं. घरच्यांना हे दिसत नाही, कारण ते रोज बघतात. फरशीही रोजच बघत होती, पण ती विसरत नव्हती. अर्थात फरशी म्हणजे डॉक्टर नव्हे. तिला फक्त बदल दिसला होता, आजार नव्हे.

“नाव शोधून काढू या,” केबिनमध्ये निनाद म्हणाला होता. “अठ्ठेचाळीस सेकंदांत हा माणूस टिकणार नाही. आत्ताच दुसरीकडे हलवू.”

“दोन्ही किल्ल्यांशिवाय नाव काढायचं नाही असं लिहून दिलंय.”

“मॅडम, एका माणसाला मोठा आजार होतोय, आपल्याला कळलंय, आणि आपण कागदाकडे बोट दाखवून गप्प बसायचं? ह्याला काय मनुष्यबळ नियोजन म्हणायचं?”

तो चुकीचं बोलत होता असं म्हणायची सोय नव्हती, हीच अडचण होती.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये फिरली तेव्हा तिची नजर कुणाच्या चेहऱ्यावर ठरेना, पायांकडेच जाई. ट्रॉली ढकलणारा एक जण किंचित पाय ओढत होता. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र, चढवणारी एक बाई वळताना टेबलाला हात लावत होती. थोड्या वेळानं शर्मिष्ठाला सगळेच आजारी दिसू लागले. केबिनकडे परत येताना ती स्वतःची पावलं मोजत होती, आणि ते लक्षात आल्यावर तिची तिलाच लाज वाटली. ही माणसं तिच्या शब्दावर या फरशीवर चालत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं रेश्मा मुजावरला बाजूला घेतलं. रेश्मा मिरजेची, मोटारीच्या तारा गुंडाळणाऱ्या वायंडिंग विभागातून लाइनवर आलेली, आणि या वर्षी कामगारांची प्रतिनिधी. दुसरी किल्ली तिच्याकडे होती. शर्मिष्ठानं नंबर न सांगता सगळं सांगितलं.

रेश्मानं डबा बंद केला. “मी किल्ली लावणार नाही, मॅडम.”

“मीही लावणार नाही.”

“पण त्या माणसाला कळायला पाहिजे. माझ्या सासऱ्यांचं उशिरा कळलं होतं.” तिनं डबा पिशवीत टाकला. “असं करा ना. फरशीनं आपल्याबद्दल काय साठवलंय ते ज्याचं त्याला बघू द्या. प्रथमोपचाराच्या खोलीत बारा पावलांचा तुकडा टाका. एकेकानं आत जायचं, दार लावायचं, चालायचं. पडद्यावर ज्याचं त्याला दिसेल. बाहेर आल्यावर कुणी विचारायचं नाही.”

“ज्याला जायचं तो जाईल?”

“तसं केलं तर कोण जाईल? जो जाईल त्याच्याकडे सगळे बघतील. सगळ्यांनी जायचं. कोपर्डे साहेबांनी पण. तुम्ही पण.”

बुधवारी सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत शर्मिष्ठानं लाइनसमोर उभं राहून हे सांगितलं. फरशीला आपण जे विचारलं नव्हतं ते ती शिकली आहे, हे तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. कुजबुज झाली. मग मागून एक आवाज आला, “आणि आजार निघाला तर? हात मोकळा झाला तर दुसरं काम, एवढंच लिहिलंय कागदात. हात थांबला तर काय, ते न्हाई लिहिलेलं.”

खरं होतं. तिनं कराराचं पान तोंडपाठ केलेलं होतं, आणि त्यात आजारपणाचा शब्दही नव्हता.

“ते लिहून आणते,” ती म्हणाली. “तोवर खोली बंद.”

व्यवस्थापकीय संचालकांनी तिला शुक्रवारची वेळ दिली. नुसती माणुसकी सांगून तिथे भागणार नाही हे तिला माहीत होतं. ठेका अठ्ठेचाळीसवर आणायचा असताना कोण आजारी माणसांची हमी लिहून देईल? तिला दाखवायला काहीतरी ठोस हवं होतं. ठेका चोपन्नवर आला तो लोकांच्या सूचनांमुळे आला, तेव्हा कुठल्या सूचनेनं किती सेकंद वाचले हे मांडावं, म्हणून गुरुवारी दुपारी तिनं फळ्यावरच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांची फाइल काढली.

अमलात आलेल्या सूचना होत्या एकसष्ट. त्यातल्या अठ्ठावीस एकाच अक्षरातल्या. खाली नाव नसलं तरी ते अक्षर ती ओळखत होती. पाणी अडवणारं सील कसं बसवायचं याची आकृती त्याच अक्षरात तिच्या जुन्या वहीत होती.

अण्णांच्या चिठ्ठ्या तिनं तारखेप्रमाणे लावल्या. गेल्या वर्षी आषाढात त्यांनी सुचवलं होतं, की ट्रॉली मागे न ठेवता बाजूला ठेवावी, म्हणजे वळावं लागणार नाही. नंतर, बेअरिंगचे खोके उजवीकडून डावीकडे आणावेत. नंतर, शाफ्टला टेकू द्यावा, म्हणजे दोन्ही हातांनी धरायला नको. मग सीलसाठी नायलॉनचा शंकू, जो बसवला की सील आपोआप मधोमध उतरतं, बोटांनी चाचपावं लागत नाही. मग नट ठरावीक जोरानं आवळायच्या हत्याराची कळ अंगठ्याऐवजी तळव्याखाली.

शर्मिष्ठाचा हात थांबला. तिनं तेवीस क्रमांकाचा आलेख उघडला आणि चिठ्ठ्यांच्या शेजारी ठेवला.

वळायला चार पावलं लागू लागली त्या महिन्यात ट्रॉली बाजूला आली होती. उजवं पाऊल हलकं पडू लागलं त्या महिन्यात खोके डावीकडे गेले होते. पायरी पायरीनं दोन्ही सोबत चालले होते, आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी आलेखाच्या आठ-दहा दिवस आधीची होती. फरशीला कळायच्या आधी त्या माणसाला कळत होतं. आपला हात कुठे कमी पडतोय हे बघून त्यानं तेवढी जागा बदलून घेतली होती, गुपचूप, सगळ्यांच्या सोयीचं नाव देऊन. आणि गंमत अशी, की ती खरोखर सगळ्यांच्या सोयीची निघाली होती. जिथे मंद हाताला काम जमतं तिथे चांगल्या हाताला ते झरझर जमतं. अण्णा ज्या पाच ते आठ या चार जागांवर आळीपाळीनं काम करत, त्या त्यामुळे लाइनवरच्या सगळ्यात वेगवान जागा झाल्या होत्या.

तिला आधी आनंद झाला, आणि मग तिनं फाइल मिटली. तिनं किल्ली लावली नव्हती. तरी तिला नाव कळलं होतं.

शुक्रवारी ती संचालकांसमोर अण्णांच्या चिठ्ठ्यांबद्दल एक शब्दही बोलली नाही. बोलायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं. दुसरं काही हाताशी नव्हतं. तिनं फक्त एवढंच सांगितलं, की लोकांचा विश्वास गेला तर फळ्यावर चिठ्ठ्या येणं बंद होईल, आणि चिठ्ठ्या बंद झाल्या तर अठ्ठेचाळीस सोडा, चोपन्नही टिकणार नाहीत. संचालकांनी ऐकून घेतलं. हमी मात्र दिली नाही. “पुढच्या शुक्रवारी काहीतरी दाखवा,” ते म्हणाले.

शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर अण्णाच तिच्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

“येऊ का?”

“या ना, अण्णा.”

ते बसले. उजवा हात त्यांनी टेबलाखाली मांडीवर ठेवला. “खोली बंद हाय म्हणं अजून.”

“हमी मिळाली नाही अजून.”

“तू काल लाइनवर आलीस, पर माझ्याकडं बघितलं न्हाईस,” अण्णा म्हणाले. “परवापर्यंत समद्यांच्या पायांकडं बघत हुतीस. काल बघायचं थांबलीस. तवाच समजलो. तुला कळलंय.”

शर्मिष्ठाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, “मी किल्ली लावली नाही, अण्णा. तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या.”

“किल्ली न लावता दार उघडलंस.”

शर्मिष्ठानं चिठ्ठ्यांची फाइल त्यांच्याकडे सरकवली.

“मिरजेच्या डॉक्टरनं मला वर्षापूर्वीच सांगितलंय,” अण्णा म्हणाले. “गोळ्या चालू हायत. घरात हिला ठावं हाय, बाकी कुणाला न्हाई. मी काय खुळा हाय व्हय? मला म्हाईत हाय पुढं काय हुतंय. पर लोकांना कळलं की लोक मदत करायला लागतात बघ. पंप उचलून देतील, खुर्ची आणतील. मला पंप माझ्या हातानं घ्यायचा हाय. जमंल तवर.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तवा मीच म्हणलो हुतो न्हवं, हिच्या शब्दावर चाला म्हणून? आता मी कुणाच्या शब्दावर चालू?”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “चिठ्ठ्या वाचताना थांबायला हवं होतं. कळलं तिथेच थांबायला हवं होतं.”

“कळल्यावर कसं थांबणार? कळलेलं परत कळलं न्हाई असं हुतंय का?” ते उठले. उठायला त्यांना जरा वेळ लागला, आणि तिनं हात पुढे केला नाही. एवढं तरी तिला आता समजलं होतं.

रविवार तिनं घरी काढला. घरातल्या कामात तिचं लक्ष नव्हतं. सोमवारी सकाळी अण्णा पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत.

“हमीला काय पाहिजे म्हणालात?” त्यांनी विचारलं. ‘म्हणालीस’ नव्हे, ‘म्हणालात’, हे तिला ऐकू आलं.

“काहीतरी ठोस. आकड्यांत.”

“एक ते चार ह्या जागा अजून जुन्याच पद्धतीच्या हायत. त्या मला द्या, चार दिवस. कोपर्डे सायबांना माझ्याबरोबर द्या. आणि वेल्डिंगचे जाड हातमोजे द्या दहाबारा.”

“हातमोजे कशाला?”

“बघा तुम्ही.”

त्या सकाळच्या बैठकीत अण्णा पुढे आले आणि त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. चार वाक्यांत. आजाराचं नाव, किती दिवस झाले, गोळ्या चालू आहेत, आणि “माझी दया आली तर तोंडावर दाखवू नका.” रेश्मानं डोळे पुसले. अण्णांनी तिच्याकडे बघून मान हलवली, ‘हेच नको म्हणतोय’ अशा अर्थानं, आणि दोघंतिघं हसले.

मग कामाला सुरुवात झाली. अण्णांनी निनादला दुसऱ्या जागेवर उभं केलं आणि त्याच्या उजव्या हातात वेल्डिंगचा चामडी हातमोजा चढवला. “आता बांधा पंप, सायब.”

निनादनं नटला हात घातला. नट सुटून पडला. वाकून उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं धरला, पण वॉशर उजवीकडच्या खोक्यात होते. एका पंपाला त्याला चार मिनिटं लागली आणि शर्ट पाठीला चिकटला. त्याच्याभोवती जमलेल्यांपैकी कुणी हसलं नाही.

“रोज असं होतं तुम्हाला?” त्यानं अण्णांना हळूच विचारलं.

“सकाळी जास्त. गोळी लागू झाली की कमी. आता सांगा, काय नडलं?”

“वॉशर. आणि तो नट.”

“मग ते बदला. तुम्ही इंजिनेर हायसा.”

चार दिवस हेच चाललं. पहिल्या चार जागांवरच्या प्रत्येकानं हातमोजा घालून काम केलं आणि जिथे अडलं तिथे खूण केली. खूण केली तिथे काहीतरी बदललं. नट घरंगळत हातापाशी यावेत म्हणून उतरता चर आला, केबल हुकावर टांगली गेली, पंपाचं आवरण आडवं येऊन आपोआप उभं राहू लागलं. निनाद दोन दिवस घरी जाताना आकृत्या घेऊन जाई आणि सकाळी वर्कशॉपमधून तुकडे बनवून आणी. शर्मिष्ठानं त्या चार दिवसांत एकच काम केलं. लाइनवरून शिकवायला आणि बनवायला सोडलेल्या माणसांच्या जागी कोण उभं राहील, हे तासातासानं जुळवत राहिली, म्हणजे चोपन्नचा ठेका चुकू नये आणि कुणाची चहाची सुट्टी बुडू नये. दिसायला हे फारसं काही नव्हतं. पण ते जमलं नसतं तर बाकीचं काहीच झालं नसतं.

शुक्रवारी हातमोजे काढून लाइन चालवली. संचालक शेडच्या दारात उभे होते. पहिल्या तासाला बावन्न. दुसऱ्या तासाला पन्नास. शेवटचा तासभर एकोणपन्नासावर लाइन स्थिर राहिली. अठ्ठेचाळीस आले नाहीत.

“एक सेकंद राहिला,” संचालक म्हणाले.

“तो दिवाळीपर्यंत निघेल,” निनाद म्हणाला. त्याच्या हाताला चामड्यानं घासून फोड आला होता. “पण सर, हे बेचाळीस लोक नसतील तर नाही निघणार. मी अठ्ठेचाळीसच्या आखणीतून तेवीस नंबरला काढून टाकलं होतं. त्याला काढलं असतं तर आपण चोपन्नवरच राहिलो असतो.”

संचालकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा लाइन बंद करून हत्यारं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्याच दुपारी करारात चौथं कलम आलं. आजारानं किंवा अपघातानं ज्याचा हात मंदावेल त्याचं काम बदलेल, जागा बदलेल, ठेका बदलेल. माणूस बदलणार नाही. सोमवारी खोली उघडली. आठवड्याभरात सगळे एकेकटे बारा पावलं चालून आले. आत कुणाला काय दिसलं हे कुणी विचारलं नाही. एक तरुण जोडारी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन आला आणि कारणाच्या जागी त्यानं फक्त ‘डॉक्टर’ लिहिलं होतं. शर्मिष्ठानं सही केली.

हिवाळ्यात अण्णांना सील बसवणं जमेना. तेव्हा त्यांनीच लाइनवरून उतरायचं ठरवलं आणि कंपनीनं त्यांना नवं काम दिलं. निर्झराला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत जाऊन त्यांच्या जागा लावून द्यायच्या. निनाद बरोबर जाई, आणि माणसांचं जुळवून द्यायला शर्मिष्ठा. गाडीत तिघांच्या गप्पा रंगत. अण्णा तिच्याशी नीट बोलत, चेष्टा करत, पंपांबद्दल वाद घालत. पण ‘पोरी’ म्हणणं त्यांनी थांबवलं होतं ते थांबवलंच. ते ‘बाई’ म्हणत. आदरानं म्हणत. शर्मिष्ठानं त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. काही गोष्टी मागून मिळत नाहीत, असं ती स्वतःला सांगे, आणि मागच्या सीटवरून त्यांच्या पाठीकडे बघत राही.

फेब्रुवारीत ते आष्ट्याजवळच्या एका कारखान्यात गेले. तिथे इम्पेलर बनत. एकोणीस बायका आणि पाच पुरुष. मालक तरुण होता, उत्साही. त्यालाही निर्झरासारखी फरशी हवी होती, आणि त्यानं तिची जागा आखूनही ठेवली होती.

“पुढच्या आठवड्यात टाकून घेतो,” तो म्हणाला. “तुम्ही फक्त सुरू करून द्या.”

घासकामाच्या टेबलाशी बसलेल्या एका बाईनं मान वर केली. वय पन्नाशीचं, दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. तिनं मालकाकडे न बघता अण्णांना विचारलं, “हे समदं करून माझी जागा ऱ्हाईल का, काका?”

अण्णांनी तिच्या मनगटांकडे बघितलं. “मी न्हाई सांगू शकत, ताई. ते ह्या बाई सांगतील. आणि लिहून देतील.”

सगळे शर्मिष्ठाकडे वळले. तिनं मालकाला म्हटलं, “एक पानाचा करार आहे. तो आधी करू.”

“करू की,” मालक हसून म्हणाला. “आधी फरशी तर पडू दे. सगळं सुरळीत चाललं की मग लिहू.”

शर्मिष्ठा बोलायला गेली, तेवढ्यात अण्णांनी भिंतीशी असलेलं एक स्टूल पायानं ओढलं आणि सावकाश त्यावर बसले. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. उजवा हात त्यांच्या मांडीवर थरथरत होता. तो त्यांनी लपवला नाही.

“मग आम्ही बसतो तवर,” ते म्हणाले. “आमास्नी काय घाई न्हाई.”

निनादनं हातातली आकृत्यांची नळी भिंतीला टेकवली आणि तोही शेजारी बसला. मालकानं तिघांकडे पाहिलं, मग मनगटाला पट्ट्या बांधलेल्या त्या बाईकडे. तिनं कानस खाली ठेवली होती. तिच्या बाजूच्या दोघींनीही.

मालकानं खिशातलं पेन काढलं. मग आत ऑफिसात गेला, आणि उघड्या दारातून त्याचा आवाज आला, “मॅडम, पहिलं वाक्य कसं लिहायचं?”